स्वतःचं लेकरू लहान असताना घरात दुसऱ्यांची लेकरं सांभाळणं

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी.

मी लातूरची. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं एका खासगी शिकवणीत गणित शिकवायचे. लेक झाली आणि ती नोकरी सुटली. लेक आता सव्वादोन वर्षांची आहे. आमच्या खालच्या मजल्यावर एक शिक्षिका राहतात. त्यांच्या सासूबाई आजारी पडून गावाकडं गेल्या आणि लेकरू कुणाकडं ठेवायचं हा प्रश्न आला. दिवाळीनंतर मी ते लेकरू ठेवून घेतलं. मग त्यांच्याच ओळखीतून दुसरं आलं. एक दीड वर्षाचं, एक तीन वर्षांचं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. आता तिसऱ्यासाठी विचारायलेत, ते आठ महिन्यांचं आहे.

काम मला आवडतं. हे मुद्दाम लिहिते, कारण सगळे धरूनच चालतात की मी नाइलाजानं करते. पैसा लागतोच. बाहेरगावची एवढी पोरं क्लाससाठी येतात की लातुरात दोन खोल्यांचं भाडं काय झालंय ते इथल्या लोकांना सांगायला नको. पण लेकरांत माझा दिवस चांगला जातो.

प्रश्न लेकीचा आहे. सुरुवातीला ती खूश होती, दारात उभी राहून वाट बघायची. आता दुसरं कुणी माझ्या मांडीवर बसलं की येऊन ढकलते. दुपारी झोपवायच्या वेळेला धाकट्याची झोळी मी पायानं हलवत असते, मोठ्याला हातानं थोपटत असते आणि ही पाठीमागून गळ्यात पडलेली असते. तिला माझी कानाची पाळी धरून झोपायची सवय आहे. एका हातानं पाळी धरते आणि दुसरा हात पुढं आणून माझा थोपटणारा हात उचलून बाजूला ठेवते. मी परत थोपटते, ती परत उचलते. रडत नाही, बोलत नाही.

भांडण झालं की मागं ओढायचं तर हिलाच ओढावं लागतं, दुसऱ्याच्या लेकराला कसं रागवणार? सासूबाई म्हणतात, "दुसऱ्याची लेकरं वाढवता वाढवता आपलं लेकरू उपाशी राहील." त्या पोटाच्या भुकेबद्दल बोलत नाहीत, हे मला कळतं.

हे काम नीट करता येतं आणि लेकीला कमी न पडू देता करता येतं, असं माझं मत आहे. कसं, ते विचारायला हा धागा. ज्यांनी केलंय, ज्यांचं बालपण अशा घरात गेलंय, जे अशा घरात लेकरू ठेवतात, सगळ्यांनी लिहा. आणि तिसरं घ्यावं का, तेही सांगा.

कडबाकुट्टी

आठ महिन्यांचं घेण्याआधी विचार करा. आमच्याकडं जुळे आहेत. एक रांगायला लागलं तेव्हा घरातल्या वस्तू एक हात वर गेल्या, दुसरं लागलं तेव्हा माळ्यावर. तुमच्याकडं एक रांगणारं, एक पळणारं, एक चढणारं आणि एक सगळ्यांना ढकलणारं असं होईल.

गोदाकाठ (नांदेड)

मी लेकरू ठेवणाऱ्यांच्या बाजूनं लिहिते. डॉक्टर लेनमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा झाली, ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, आईला दिवसातून चारदा लेकराकडं जाऊ द्यावं, हे सगळं वाचून झालंय. पण दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाला तो कायदा लागतच नाही आणि आमची लॅब तेवढीच. लेकरू तीन महिन्यांचं असताना मी कामावर हजर झाले. माहेर जालन्याला, सासूबाई नाहीत.

तेव्हा दोन ठिकाणं बघितली. एकीकडं भिंतीवर कार्टून, कॅमेरे, सगळं. दुसरं एका ताईंचं घर, त्यांचा स्वतःचा मुलगा तिथंच रांगत होता. मी त्या ताईंकडं ठेवलं. ज्या माठातलं पाणी त्या स्वतःच्या लेकराला देणार त्याच माठातलं माझ्या लेकराला मिळणार, एवढाच विचार होता. तुमची लेक त्या घरात आहे म्हणूनच लोक तुमच्यावर विश्वास टाकायलेत, हे लक्षात असू द्या.

स्पष्ट_बोलतो (धाराशिव)

राग मानू नका. पहिल्या तीन वर्षांत लेकराला आई अख्खी लागते. तुम्ही नोकरी सोडलीत ती लेकीसाठी. मग घरात बसून परत वाटून कशाला घ्यायचं? दोन-तीन हजारांसाठी लेकीचं हे वय परत येणार आहे का? सासूबाईंचं बरोबर आहे.

मांजराकाठ

@स्पष्ट_बोलतो, राग नाही. पण नोकरी मी सोडली नाही, सुटली. लेकरू घेऊन येता येईल का विचारलं होतं, नाही म्हणाले. दोन-तीन हजार एका लेकराचे. दोघांचे मिळून निम्मं घरभाडं निघतं आणि मी लेकीच्या नजरेसमोर असते. बाहेर नोकरी केली असती तर तिला कुठंतरी ठेवावंच लागलं असतं.

फडावरून (केज)

@स्पष्ट_बोलतो, अख्खी आई कुणाच्या वाट्याला येते ते आमच्याकडं येऊन बघा एकदा.

सध्या डिसेंबर आहे, आमचं गाव निम्मं रिकामं आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, दिवाळी झाली की ऊसतोडीला गाड्या निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. पहाटे अंधारात बाई फडात उतरते. धाकटं लेकरू पाचटावर टाकलेल्या गोधडीवर किंवा बैलगाडीच्या खाली साडीच्या झोळीत. त्याला सांभाळायला थोरली बहीण, ती स्वतः आठ-नऊ वर्षांची. तिची शाळा बुडते ती अशी बुडते. हंगामी वसतिगृहं आहेत, चांगली गोष्ट आहे, पण ती शाळेच्या वयाच्या लेकरांसाठी. दीड वर्षाच्या लेकराला तिथं जागा नाही. मग ते आजीकडं राहतं नाहीतर फडात जातं.

१९४८ च्या कारखाना कायद्यानंच सांगून ठेवलं होतं की पन्नासपेक्षा जास्त, १९७६ पासून तीसपेक्षा जास्त, बायका कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या लेकरांसाठी पाळणाघर ठेवा. पण ऊस तोडणारी बाई कारखान्याच्या पटावर नसते, मुकादमाच्या वहीत असते.

माझी आई तोडीला जायची आणि मला आजीनं वाढवलं. आजीजवळ त्या काळात मी, दोन चुलतभाऊ आणि शेजारचं एक लेकरू. तिनं कुणाकडून रुपया घेतला नाही. म्हणून लेकरं सांभाळणं हे काम आहे असंही कुणाला कधी वाटलं नाही. मांजराकाठ ताई, तुम्ही पैसे घेता ते बरोबर करता.

स्पष्ट_बोलतो

फडातली गोष्ट वेगळी, तिथं इलाज नसतो. त्यांना मी काही म्हणालो नाही.

अंगणवाडी_सेविका (हिंगोली जिल्हा)

इलाज नसतो तिथंच सोय लागते ना भाऊ.

मी पोरगं दीड वर्षाचं असल्यापासून त्याला अंगणवाडीत नेते. घरी ठेवायला कुणी नव्हतं. वीस-पंचवीस लेकरांची आई व्हायचं आणि आपलं पोरगं कोपऱ्यात पाय आपटायलंय हे बघायचं. त्यामुळं ताईचं दुखणं मला ठाऊक आहे. मी एक केलं. अंगणवाडीत गेल्यावर सगळ्यांसारखंच त्यानं मला ताई म्हणायचं, असा नियम घालायला मला लोकांनी सांगितलं होतं, म्हणजे बाकीच्यांना वाईट वाटत नाही म्हणे. मी घातला नाही. मी त्याची आई आहे आणि बाकीच्यांची ताई आहे, हे लेकरांना बरोबर समजतं. त्यांच्या पण घरी आया आहेत. एका मुलीनं तर स्वतःहून सांगितलं, "ही त्याची आई हाय, माझी आई रानात गेली."

दुसरं, मदतनीस बाईला सांगून ठेवलं होतं की माझ्या पोराला तू भरवायचं आणि तुझ्याजवळच्या दोघांना मी. त्याला दुसऱ्या माणसाच्या हातचं खायची सवय लागली आणि माझी ओढाताण कमी झाली.

आता थोडं आमचं. २ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाडीची ही योजना सुरू झाली. इतकी वर्षं झाली तरी आम्हाला मिळतं ते मानधन, पगार नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला तेव्हा आमच्या बैठकीत बायका रडल्या. त्याच वर्षी केंद्राच्या मिशन शक्तीत पाळणा योजना आली, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी. आमच्या गावात अजून नाही. आमच्याकडं लहान लेकरांच्या आया येतात, घरपोच आहार घेऊन जातात, पण लेकरू दिवसभर ठेवा म्हणाल्या तर मला नाही म्हणावं लागतं. त्या बायका सोयाबीन काढायला लेकरू पाठीशी बांधून जातात.

हुरडा_आणि_आठवणी (परभणी)

सेविका ताईंना नमस्कार.

मी कृषी विद्यापीठातून निवृत्त झालो. सूनबाई घरी तीन लेकरं सांभाळतात, नातू चौथा. आमच्या घरचा क्रम असा आहे की सकाळी साडेदहा ते साडेअकरा नातू माझा. आम्ही दोघं कालव्याच्या बाजूनं फिरून येतो, गाई बघतो, येताना पेरू घेतो. तेवढ्या वेळात सूनबाई बाकीच्यांना आंघोळ, खाणं सगळं उरकतात. नातवाला आईवर रागवायला वेळच मिळत नाही.

अवांतर: खायला काय देता? ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून द्या. लेकरं वाटी चाटूनपुसून खातात. सध्या हुरडा आलाय पण तो लहानांना देऊ नका, दाणा घशात अडकतो.

भाकरतुकडा

@हुरडा, कण्या ताकात नव्हे, आधी पाण्यात शिजवायच्या आणि ताक वरून. ताक उकळलं की फाटतं.

हुरडा_आणि_आठवणी

थोडं पीठ लावलं की फाटत नाही. आमच्या मातोश्री अशाच करायच्या.

मेतकूट_भात

दोन्ही बाजूंनी कण्याच आहेत तर भांडण कसलं. आमच्याकडं मऊ भात, मेतकूट, वर साजूक तूप. वर्षाच्या लेकरापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत एकच पातेलं.

सिडको_एन_सेव्हन (छत्रपती संभाजीनगर)

ताई, मी त्या "आपलं लेकरू" वर्गातला. नव्वदच्या दशकात आई सिडकोतल्या घरी पाळणाघर चालवायची. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कंपन्यांत आईवडील दोघं जाणारी कुटुंबं आजूबाजूला बरीच होती. आमच्याकडं सहा-सात लेकरं असायची, मी चार-पाच वर्षांचा.

काय आठवतं ते लिहितो. भांडण झालं की ओरडा मला. दुसऱ्याच्या लेकराला लागलं तर संध्याकाळी त्याच्या आईला उत्तर द्यावं लागतं, मला लागलं तर कुणाला द्यायचं? हे तिचं गणित मला मोठेपणी कळलं. लहानपणी एवढंच कळायचं की चूक कुणाचीही असो, हाक माझ्या नावानं येते. मी मग मुद्दाम खोड्या काढायचो. हाक येणारच आहे तर काहीतरी करून तरी येऊ दे.

एका सुट्टीत मावशी आमच्याकडं राहायला आली होती. तिनं दोन दिवस बघितलं आणि आईला स्वयंपाकघरात नेऊन बोलली. त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. एक, भांडण झालं की आई दोघांनाही उचलून वेगवेगळ्या कोपऱ्यात बसवायची, बाहेरचं असो की घरचं. पालकांनाही सांगून टाकलं, माझ्याकडं असंच होतं. कुणी लेकरू काढून नेलं नाही. दुसरी, लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा माझा झाला. त्यातलं काही कुणाला द्यायचं नाही, मी स्वतःहून दिलं तरच. त्यात एक मोडकी जीप, गोट्या आणि चित्रांची वही होती. बाकी सगळी खेळणी सगळ्यांची. तो कप्पा बंद आहे एवढं माहीत असलं की बाहेरची गाडी दुसऱ्याला द्यायला मला काही वाटायचं नाही.

आणि शेवटचं लेकरू गेलं की आई लगेच स्वयंपाकाला लागायची नाही. दाराला कडी लावायची आणि आम्ही दोघं चहा-पाव खायचो. मला चहा म्हणजे दूधच, नावाला रंग. पंधरा-वीस मिनिटं असतील. वडील आले तरी त्यांना थांबायला सांगायची.

माझं नुकसान झालं का? नाही. तिच्याकडं वाढलेली दोघं आजही माझे सगळ्यात जवळचे मित्र आहेत. पण त्या दोन गोष्टी बदलल्या नसत्या तर मी हे इतक्या सहज लिहिलं असतं असं वाटत नाही.

गोदाकाठ

चहा-पाव वाचून डोळ्यांत पाणी आलं.

बालवाडी_ताई (उदगीर)

@सिडको, कप्प्याची कल्पना मी माझ्या पालकांना सांगणार आहे.

सव्वादोन वर्षांचं लेकरू "माझं" म्हणतं तेव्हा ते वाढतंय, बिघडत नाही. या वयात लेकरं एकमेकांशेजारी खेळतात, एकमेकांबरोबर खेळायला तीन वर्षांच्या पुढं शिकतात. त्यामुळं "वाटून घे" असं सारखं म्हणून उपयोग होत नाही. एकेकच असतील अशी खेळणी बाहेर ठेवूच नका. एक बाहुली आणि तीन लेकरं म्हणजे भांडण ठरलेलं. जे पुष्कळ आहे ते द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांवर काम केलं तेव्हा लेकरं शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. विकतची साधनं नव्हती, पानं, बिया, शंख, दगड यांवरच सगळं शिक्षण. तुमच्या घरात चिंचोके, झाकणं, वाट्या, कापडाचे तुकडे काढा. ढीग असला की कुणी कुणाचं ओढत नाही.

आणि मांडीबद्दल. तिला "तू मोठी झालीस ना" असं म्हणू नका. सव्वादोन म्हणजे मोठी नाही. "तुझ्या आधी त्याला, मग तुला" असंही नको. "आता तू, मग तो" असं करून बघा. आधी तिचा नंबर लागला की उठायलाही तयार होते.

वॉर्ड_नंबर_सात (अंबाजोगाई)

@बालवाडी_ताई, बाकी सगळं पटलं, चिंचोके मात्र नाही. तीन वर्षांच्या आतल्या लेकराच्या हातात चिंचोका, शेंगदाणा, फुटाणा, गोटी, बटणाच्या आकाराचा सेल, काहीही देऊ नका. मी मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा काढायला आलेली लेकरं मी बघितलीत. शेंगदाणा द्यायचा तर कुटून.

मांजराकाठ ताई, मी तुम्हाला पाण्याबद्दल विचारणार आहे. तुमच्याकडं नळ किती दिवसांनी येतो मला माहीत नाही, पण आपल्या मराठवाड्यात घरोघरी ड्रम, टाक्या, हौद, भरलेल्या बादल्या असतात. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हापासून तर मिळेल त्या भांड्यात भरून ठेवायची सवय लागली आहे. दीड वर्षाच्या लेकराचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. बादलीत वाकलं आणि तोल गेला की त्याला परत वर येता येत नाही, आणि आवाजही होत नाही. एक वीत पाणी पुरतं. न्हाणीघराला बाहेरून वर कडी, ड्रमला घट्ट झाकण, वापरून झालेली बादली पालथी. हे आधी, बाकी सगळं नंतर.

उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर लावत असाल तर अर्थिंग तपासून घ्या आणि लेकरांचा हात पोचणार नाही असा ठेवा. पाणी भरताना प्लग काढायचा.

आता आठ महिन्यांच्या लेकराचं. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, दुसरी १६ ते २४ महिन्यांत. म्हणजे ते लेकरू तुमच्याकडं येईल तेव्हा त्याला ती लस मिळालेली नसेल आणि घरात तीन मोठी लेकरं असतील. त्यांची कार्डं बघा. दीड वर्षाच्या लेकराचा दुसरा डोस राहिला असेल तर पालकांना आधी पाठवा. तुमच्या लेकीचंही कार्ड बघा. एवढ्या लहान लेकराला मध चाटवायचा नाही, वर्ष होईपर्यंत नाहीच. आईनं दूध काढून पाठवलं तर ते फ्रिजमध्येच ठेवायचं आणि गरम पाण्यात बाटली धरून कोमट करायचं, गॅसवर उकळायचं नाही. झोळीत लेकरू असताना खोलीत मोठं माणूस हवंच, कारण दुसरी लेकरं झोळी ओढतात, त्यात चढतात.

हे सगळं एका बाईनं चार लेकरांना करायचं म्हटलं तर तुम्हीच विचार करा. माझं मत, एकटीनं घेऊ नका.

बालवाडी_ताई

चिंचोके मागे घेतले. माझ्याकडची लेकरं चार वर्षांची, म्हणून ते आठवले. डबे, झाकणं, लाकडी चमचे, ओली माती चालेल.

जालनेकर

बायको घरी तीन लेकरं सांभाळते, आमची मुलगी अडीचची. मी सळयांच्या कारखान्यात शिफ्टला असतो. शिफ्ट सुटली की मुलगी माझी. जेवू घालणं, झोपवणं, रात्री उठली तर मी. बायकोचं काम सहाला संपतं तर तिची सुट्टी पण सहालाच व्हायला पाहिजे, नाहीतर तिला मुलीसाठी वेगळं काही उरतच नाही. ताई, तुमच्या मालकांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही म्हणून विचारतो.

दुसरं, एका कागदावर सगळं लिहून घ्या. आम्ही सुरुवातीलाच केलं. वेळ काय, उशीर झाला तर तासाचे किती, ताप-जुलाब असताना लेकरू आणायचं नाही, औषध आणलं तर आईनं चिठ्ठीवर लिहून द्यायचं, न्यायला कोण कोण येऊ शकतं, त्यांनी सुट्टी घेतली तरी महिन्याचे पूर्ण पैसे आणि आमच्या ठरलेल्या सुट्ट्या कुठल्या. दोघांच्या सह्या. महिन्याच्या पाच तारखेला पैसे मागायचं काम मी घेतलंय, तिला संकोच वाटतो.

फडावरून

शेवटचं सोडून सगळं पटलं. मागायला तिलाच शिकू द्या. काम तिचं आहे.

जालनेकर

आधी तीच मागायची. लोक म्हणायचे, "देतो की वहिनी, घरचंच आहे." मी मागितलं तर त्याच दिवशी देतात. असं व्हायला नको, पण होतं.

गोदाकाठ

खरं आहे. आम्ही पालकही असेच वागतो. दुकानदाराला "घरचंच आहे" म्हणत नाही कुणी. उशिराचे पैसे लिहून घ्या ताई. संध्याकाळी सॅम्पल उशिरा आलं की मला निघता यायचं नाही आणि त्या ताईंचा मुलगा भुकेला होऊन रडायचा, मी दारात पोचायचे तर ती दोन्ही लेकरं कडेवर. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. दर ठरलेला असता तर लॅबमध्ये मीही मालकांना सांगू शकले असते की मला दंड बसतो, मला सोडा.

येळवसकर (निलंगा)

अवांतर आहे पण महत्त्वाचं: कागदावर येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची, सुट्टी लिहा. मार्गशीर्षातली अमावस्या जवळ आली. आमच्या बहिणीकडं बदली होऊन आलेल्या एका साहेबांचं लेकरू असायचं. ते सकाळी लेकरू घेऊन दारात, आणि इकडं सगळं घर आंबिलीची बिंदगी घेऊन शेताला निघालेलं! शेवटी साहेब, बाईसाहेब, लेकरू, सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत बसून भज्जी, उंडे, खीर खाल्ली. पुढच्या वर्षी त्यांनीच आधी विचारलं, "येळवस कधी आहे?"

कडबाकुट्टी

आता भज्जीचा फोटो टाका नाहीतर हा प्रतिसाद अपूर्ण आहे.

स्पष्ट_बोलतो

सगळे प्रतिसाद वाचले. तीन वर्षांचं माझं मत आहे तिथंच आहे, पण ते आईला सांगायचं की कामाची जागा देणाऱ्याला सांगायचं, हा विचार मी केला नव्हता. सिडकोवाल्यांचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ताई, सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना परभणीच्या आजोबांसारखा एक तास द्या. म्हाताऱ्या माणसांना बाजूला पडल्यासारखं वाटतं.

मांजराकाठ

सगळ्यांना एकदम उत्तर देते. येळवस झाली, शेतात दोन दिवस गेले, म्हणून उशीर.

@वॉर्ड_नंबर_सात, तुमचा प्रतिसाद वाचला त्याच संध्याकाळी न्हाणीघराला वरून कडी बसवली. आमच्याकडं दोन ड्रम आणि एक सिमेंटची टाकी आहे, टाकीचं झाकण अर्धं तुटलेलं होतं. घरमालकांना सांगितलं, आज बदललं. कार्डं बघितली. तीन वर्षांच्या लेकराचं पूर्ण आहे, धाकट्याचा दुसरा डोस राहिला होता, आई त्याला घेऊन गेली.

@जालनेकर, आमचे हे औषधाच्या दुकानात असतात, रात्री नऊनंतर येतात. त्यामुळं संध्याकाळ त्यांना देता येत नाही, पण सकाळ ठरवली आहे. लेकीची आंघोळ आणि न्याहारी आता त्यांच्याकडं. लेक न्याहारी करताना त्यांना फार पळवते, पण जमायलंय.

@स्पष्ट_बोलतो, सासूबाईंना तास मागायला गेले तर त्या म्हणाल्या, "मला वाटलं तू विचारणारच नाहीस." अकरा वाजता नात आणि आजी देवळात जातात. येताना खडीसाखर.

भांडणात दोघांनाही बाजूला घ्यायचं, हे पालकांना सांगितलं. मोठ्याची आई थोडी गप्प झाली, मग म्हणाली, "घरी पण मी असंच करते." कपाट नाही, पण शिलाई मशीनचा ड्रॉवर लेकीला दिलाय. त्यात तिनं काय ठेवलं तर माझी जुनी पर्स आणि एक कांदा. कांदा मी रोज बदलते.

मांडीचं "आता तू, मग तो" कधी चालतं, कधी नाही. ढकलणं थांबलेलं नाही.

तिसऱ्याचं असं ठरवलंय. जूनमध्ये तीन वर्षांचं लेकरू बालवाडीत जाईल, तेव्हा जागा होईल आणि हे लेकरू तोपर्यंत वर्षाच्या पुढं गेलेलं असेल. त्याच्या आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, जूनपर्यंत मी काय करू? मला उत्तर देता आलं नाही. मग मागच्या गल्लीतल्या एका काकूंशी बोलले. त्यांची स्वतःची नातवंडं पुण्याला असतात. त्या दुपारी बारा ते चार माझ्याकडं यायला तयार आहेत, मी त्यांना महिन्याला ठरवून पैसे देणार आहे. त्या आल्या, त्यांचा हात बसला, लेकरं त्यांना ओळखायला लागली, तर त्या लेकराची गोवराची लस झाल्यावर अर्ध्या दिवसासाठी घेऊन बघेन. दुपारी मला लेकीजवळ आडवं होता आलं पाहिजे, ही माझी अट आहे आणि ती कागदावर लिहिली आहे.

अंगणवाडी_सेविका

काकूंना पैसे ठरवून देता, हे लई चांगलं केलंत.

सिडको_एन_सेव्हन

कांद्याचं वाचून आईला फोन केला. ती म्हणाली, माझ्या कप्प्यात महिनाभर एक भेंडी होती.

वॉर्ड_नंबर_सात

काकूंनाही घशात अडकल्यावर काय करायचं ते दाखवून ठेवा. वर्षाच्या आतलं असेल तर हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर पाच थापा. तुमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा, हातानं करून दाखवतील.

गोदाकाठ

मांजराकाठ ताई, तुमचे काकू-बारा-ते-चार फार आवडलं. आमच्या ताई नवऱ्याच्या बदलीमुळं पुढच्या महिन्यात नांदेड सोडून चालल्या आहेत. तरोडा भागात कुणाच्या ओळखीत असं घर असेल, घरात लहान लेकरू असेल तर उत्तमच, तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. उशिराचे पैसे मी आधीच लिहून देईन.